बाईसाहेबांचा शेणकिडा

सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. मी सोनाराची लेक आणि सोनाराचीच सून, त्यामुळे ही म्हण इतक्या तोंडांतून ऐकली आहे की आता तिचा रागही येत नाही. पण ठाण्याच्या घरी असताना एकदा अशी वेळ आली होती, की ही म्हण आमच्या दाराला कायमची चिकटणार याची मला खात्री वाटली होती. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तरी कुणी विलायती पिन लावून समोर आलं की माझी नजर आधी सोन्याच्या रंगावर जाते.

आमचं घर तलावाच्या मागच्या आळीत होतं. पुढच्या ओसरीवर दुकान, मागे दोन खोल्या आणि परस. शेगडी, हातोडी, फुंकणी हे सगळं माझ्या यजमानांकडे आलं होतं, कारण मामंजींचा हात कापायला लागला होता. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. म्हणत असे म्हणजे पाठीमागे. तोंडावर त्यांना मी काहीच म्हणत नसे, ते पुढे सांगते. तर मामंजींनी सगळं काम लेकाच्या हवाली केलं, पण एक सोडलं नाही. दागिना तयार झाला की त्याला ओप द्यायचा, घासूनपुसून झळाळी आणायची, ती त्यांनीच. चिंचेचं पाणी, रिठ्याचा फेस, पिठासारखी चाळलेली विटेची पूड, आणि शेवटी ओपणी, म्हणजे टोकाला अकीकाचा गुळगुळीत खडा बसवलेली दांडी. तिने ते सोनं घोटत बसायचे. दुरुस्तीला आलेली साधी बुगडीसुद्धा आमच्याकडून नव्यासारखी होऊन जायची. गिऱ्हाईक म्हणायचं, ओप घ्यावा तर म्हाताऱ्याच्या हातचा. ओप दिल्याशिवाय दागिना उंबऱ्याबाहेर जायचा नाही, हा आमच्या घरचा कुळाचारच होता म्हणा.

दुसरा कुळाचार असा, की सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, लेक पाळण्यात होती, तरी मामंजींशी मी एक शब्द बोलले नव्हते आणि ते माझ्याशी बोलले नव्हते. जेवायची पानं मांडली की मी दाराआडून बांगड्या वाजवायच्या. ते खाकरले की मी आत सरायचं. बाकी जे काही असेल ते सासूबाईंच्या मार्फत. मला हे मुळीच आवडत नसे. माझी जीभ जन्मतःच जरा लांब, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायची सवय नाही. पण घरोघरी तीच रीत, तेव्हा कुणाशी भांडणार?

एक दिवस मामंजी देवळात गेले असताना गोऱ्या जज्जसाहेबांच्या बंगल्यावरचा बटलर आला. हा वसईकडचा किरिस्तांव, पांढरा कोट घालायचा आणि ओसरीवर बसताना आधी तो झटकायचा. त्याने खिशातून मखमलीची डबी काढली. यजमानांनी ती उघडली आणि मी दाराच्या फटीला डोळा लावला.

आत सोन्याची पिन होती. बाया गळ्यापाशी झग्याला लावतात तसली. मधोमध तांबड्या अकीकाचा एक किडा कोरलेला, पाठ फुगीर, पाय पोटाशी घेतलेले. त्याच्याभोवती पिळाची तार आणि तारेच्या बाहेर सोन्याच्या रव्यांची रांग. रवे इतके बारीक की मोहरीसुद्धा त्यांच्यापुढे थोराड. पण सोनं मात्र मंद, पिठूळ, जराही चकाकी नसलेलं. मला वाटलं, बाई ही पिन चुलीजवळ ठेवत असावी.

"कसला किडा हा?" यजमानांनी विचारलं.

"शेनातला किडा," बटलर म्हणाला. "मडम बोलते, जुन्या काली तिकडं मिसरमदी राजे मेले का त्यांच्या छातीवर असला किडा ठेवाचे. त्यांचा देव होता तो. आता विलायतेत त्याचीच फॅशन हाय."

"म्हणजे हा राजाच्या छातीवरचा?"

"नाय रे. नवाच हाय. जुन्यासारखा केला."

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक दागिन्याला त्या हळदकुंकू लावत. त्या कुजबुजल्या, "शेणकिड्याला मी कुंकू लावायची नाही हो." मला हसू आवरेना. जुनं ते सोनं असं आपण म्हणतो, पण जुनं सोनं हाती आलं की पहिल्यांदा मुशीत घालून वितळवतो. हे लोक नवं सोनं घेऊन ते जुनं दिसावं म्हणून पैसे मोजतात. ज्याची त्याची हौस.

पाठीमागचा काटा मोडला होता आणि एका कडेचे काही रवे पडले होते. तेवढं करायचं होतं. उठताना बटलर म्हणाला, "एक ध्यानात ठेव. मडमनं दोनदा सांगितलाय. सोन्याचा कलर हाय तसाच पायजे. चमकवाचा नाय. परवा दुपारी मी न्यायला येतो."

जेवताना यजमानांनी मला त्याचं कारण सांगितलं. त्यांनी पिनेची मागची कड कसोटीवर ओढून पाहिली होती. सोनं दिसत होतं त्याहून पुष्कळ हिणकस निघालं. वरचा तो मंद पिवळा थर औषधात उकळून काढलेला रंग होता आणि त्याच्या खाली तांबं मिसळलेलं सोनं. "हे कुणी घासलं तर खालचं तांबूस वर येईल," ते म्हणाले. "मग ती बाई म्हणेल, माझं चांगलं सोनं काढून घेतलं आणि हे हलकं बसवलं. आणि नवरा जज्ज. मी कुणाला काय समजावून सांगणार?" किल्ल्यातला तुरुंग आमच्या घरापासून लांब नव्हता. कैदी रस्ता खडीने भरायला येत, ते आम्ही रोज बघत असू.

रवे मी केले. तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत घालून तापवले की त्यांचे गोळे होतात, हे काम आमच्या घरी बायकांचंच. यजमानांनी ते एकेक करून बसवले, काटा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला नणंदेकडे बारसं होतं. सासूबाई आणि हे आगगाडीने जायला निघाले. मी उंबऱ्यात आडवी आले.

"मामंजींना पिनेचं सांगितलं का?"

"ते देवळात गेलेत. संध्याकाळी आलो की सांगतो. डबी फडताळात मागे ठेवली आहे."

"आत्ताच सांगून जा ना."

"अगं गाडी चुकेल," असं म्हणत ते गेलेसुद्धा. पुरुषांचं हे असं. गाडी चुकलेली त्यांना दिसते, बाकीचं बायकांनी बघायचं.

दुपारी जेवून मामंजी ओसरीवर आडवे झाले. मी पाळण्याची दोरी ओढत बसले होते. थोड्या वेळाने फडताळ करकरलं. मी फटीतून पाहिलं तर मामंजी डबी उघडून पिन उजेडात धरून बघत होते. त्यांनी ती उलटवली, काटा पाहिला, रव्यांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. लेकाचं काम त्यांना पसंत पडलं होतं. मग त्यांनी सोन्याकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि विटेच्या पुडीची वाटी पुढे ओढली.

मी दोरी सोडून उठले. मी बांगड्या वाजवल्या. त्यांनी मागे न बघता हात हलवला, आता काही नको म्हणून. मी पुन्हा वाजवल्या, जोरात. त्यांना वाटलं चिंचेचं पाणी तयार आहे. ते खाकरले, म्हणजे आणून ठेव. मी मागच्या दाराने शेजारी धावले. शेजारीण तरी सांगेल. तिच्या दाराला कडी. परत आले तर पूड ओली करून झाली होती.

मग मी शेवटचा उपाय केला. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, ते मी उलटं केलं. पाळण्यापाशी उभी राहिले आणि लेकीला मोठ्याने म्हणाले, "बाळे, बाईसाहेबांना किनई चकाकी नको आहे हो. त्यांनी निरोप पाठवलाय. सोनं घासायचं नाही म्हणून सांगितलंय." पोर दचकून रडायला लागली. ओसरीवरून खाकरण्याचा आवाज आला. हा खाकरा मला चांगला ओळखीचा होता. सुनेचा आवाज चढला की तो यायचा. मी गप्प झाले आणि दाराआड उभी राहून ऐकत राहिले. पूड सोन्यावर फिरत होती. त्या बारीक खरखरीने माझे दात आंबले. एकदा वाटलं, सरळ ओसरीवर जावं आणि त्यांच्या हातातून पिन काढून घ्यावी. पाऊल उचललंसुद्धा. पण उंबरा ओलांडवेना. मला अजून त्या उंबऱ्याचा राग येतो.

मामंजींनी मन लावून ओप दिला. शेवटी त्यांनी पिन लाल कागदावर ठेवली, जरा दूर सरून पाहिली आणि एक गाणं गुणगुणत तंबाखू मळायला घेतली. ती पिन आता लखलखत होती. आणि तांबूस झाली होती, सकाळी नव्हती इतकी. दोन वेगळ्या पिना म्हणून कुणीही शपथ घेतली असती.

संध्याकाळी हे आले. ओसरीवर चढले, लाल कागद पाहिला आणि तिथेच थांबले. मामंजी म्हणाले, "काम चांगलं झालंय. पण विलायती सोन्यात काही राम नाही रे."  वडिलांना उलटून बोलायची रीत लेकालाही नव्हती. हे सरळ परसात आले. 

"तू होतीस ना घरी?"

"होते."

"मग?"

"मग काय? मी त्यांना काय सांगणार, आणि कशी? बांगड्यांनी?" मला रडू फुटलं. रागाचं रडू होतं ते. "सकाळी म्हटलं होतं तुम्हाला, सांगून जा म्हणून."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले.  मग म्हणाले की रंग परत काढता येईल. सोरा, तुरटी आणि मीठ मुशीत उकळून त्यात सोनं बुडवलं की वरवरचं तांबं खाल्लं जातं आणि शुद्ध सोनं वर राहतं. विलायतेतही हेच करत असावेत. पण किडा आधी काढावा लागेल, नाही तर अकीक तडकेल. तो काढताना कोंदण फाटायची भीती. आणि त्या पाण्यात रव्यांचे डाग, म्हणजे जोड, सुटले तर सगळेच रवे गळतील. "आणि हे सगळं बाबांना कळता कामा नये," ते म्हणाले. "त्यांच्याकडे आता तेवढं एकच काम उरलंय. त्यात खोट निघाली असं कळलं, तर ते परत ओपणी हातात धरायचे नाहीत."

मला जज्जाची भीती वाटत होतीच. आता तिच्यात म्हाताऱ्याच्या काळजीचीही भर पडली.

सकाळी मामंजी देवळात गेले तशी शेगडी पेटवली. सासूबाईंना सगळं सांगितलं होतं. त्या देवापुढे बसून राहिल्या. ह्यांनी कोंदणाची कड टोच्याने हळूहळू उचलली आणि किडा सुटून माझ्या पदरात पडला. मी तो मुठीत घट्ट धरला. त्याच्या पोटावर कसल्या तरी खुणा कोरल्या होत्या, त्या तळव्याला लागत होत्या. मिठागरातलं जाडं मीठ मुशीत तडतडायला लागलं, सोरा विरघळला आणि असा उग्र वास सुटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. यजमानांनी तारेला टांगून पिन आत सोडली. मी गणपतीला सांगितलं, कुलदेवीला सांगितलं. शेवटी मुठीतल्या किड्यालाही म्हटलं, बाबा रे, तू पण कुणाचा तरी देव होतास म्हणे, तर बघ काही.

पिन वर काढली तेव्हा ती काळपट झाली होती. ह्यांचा हात थांबला. तेवढ्यात ओसरीवर चपला वाजल्या.

वास आळीभर गेला असणार. ज्या माणसाचा सगळा जन्म त्या वासात गेला त्याला तो कोपऱ्यावरून कळला. मामंजी दारात उभे होते. त्यांनी मूस पाहिली, तारेला टांगलेली पिन पाहिली.

"मी ओप दिलेला दागिना हा. त्याचा रंग कुणी काढायला सांगितला?"

यजमान मान खाली घालून बसले. सासूबाई उठून आल्या, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. इथे सोनाराचेच टोचायचे होते आणि कुणी पुढे होईना. मूस उकळत होती, पिन वर लोंबत होती, दुपारी बटलर येणार होता, आणि ही तिघं माणसं रीत सांभाळत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मामंजी," मी म्हणाले, "बाईसाहेबांना ओप नको होता. तसा त्यांचा निरोप होता. काल तुम्ही ओप देत होतात तेव्हा मला ते माहीत होतं."

माझा आवाज मलाच परका वाटला. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मग बोलायचं होतंस."

"कशी बोलू?" मी म्हणाले. "बांगड्या वाजवल्या. पोरीचं निमित्त करून सांगितलं. तुम्ही खाकरलात."

  मामंजी हळूच म्हणाले, "ऐकलं होतं मी. चकाकी नको म्हणत होतीस. मला वाटलं, सून पोरीशी बोलतेय, आपण कशाला कान द्यावा."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं खुंटीला अडकवलं आणि शेगडीपाशी येऊन बसले. लेकाच्या समोर नाही, बाजूला, जिथे नव्याने कामाला लागलेला माणूस बसतो तिथे. फुंकणी उचलली. "काळं पडलंय ते पडणारच," ते म्हणाले. "गरम पाण्यात धू आणि पुन्हा बुडव. विस्तव मी बघतो." त्यांचा हात कापत होता आणि त्यामुळे फुंकणीचं टोक मुशीच्या कडेवर टकटक वाजत होतं. ते ऐकून मला पुन्हा रडू आलं. हे रडू रागाचं नव्हतं.

धुतलं, बुडवलं, पुन्हा धुतलं. काळपटपणा गेला आणि खालून तो मंद पिवळा, पिठूळ रंग वर आला. आम्हाला तो अजूनही मळकट वाटत होता, पण हवा होता तो तोच. एक रवा सुटला होता. तो मी पाण्याच्या भांड्यातून बोटाने शोधून काढला आणि ह्यांनी परत बसवला. किडा कोंदणात गेला. कोंदणाची कड एका ठिकाणी जराशी दबली होती, शोधली तर दिसेल एवढी.

दुपारी बटलर आला, कोट झटकून बसला, पिन पाहिली, "बरा हाय," म्हणाला आणि घेऊन गेला. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रस्त्यात पट्टेवाला दिसला की मी आत पळायचे.  बाईने ती दबलेली कड पाहिली असेल, पिन कुणाला दाखवली असेल, तो कुणी म्हणाला असेल की हे सोनं ते नव्हे. मामंजी ओसरीवर बसत, पण ओपणीला हात लावत नसत. एका गिऱ्हाइकाच्या पाटल्या तशाच पडून होत्या. यजमान त्या त्यांच्यापुढे ठेवायचे आणि संध्याकाळी तशाच उचलायचे. मला बोलल्याचा पश्चात्ताप होत नव्हता, पण त्या पाटल्या बघवत नव्हत्या.

मग एका सकाळी बटलर पुन्हा आला. मी चुलीपाशी होते. त्याचा आवाज ऐकला आणि हातातलं पीठ तसंच राहिलं.

"मडमचा कडा हाय," तो म्हणत होता. "त्या पिनंसारखाच. याचापन काटा ढिला झाला. कलर हाय तसाच ठेवाचा."

तो गेला. मी भाकरी तव्यावर टाकली आणि दारातून पाहिलं. मामंजींनी डबी उघडली होती. मंद सोन्याचं कडं, त्यात तसलेच तांबडे किडे एकापुढे एक बसवलेले. यजमान शेजारीच बसले होते. निरोप दोघांनीही ऐकला होता. तरी मामंजींनी कडं हातात धरलं, लेकाकडे पाहिलंच नाही, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड वळवलं.

"ओप द्यायचा का गं याला?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. भाकरी उलटली, फुगेपर्यंत शेकली, काढून ठेवली. इतकी वर्षं मी दाराआड थांबले होते, त्यांना एका भाकरीपुरतं थांबायला काय हरकत होती. ते थांबले. मग मी हात पुसले, उंबरा ओलांडून ओसरीवर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "याला नको, मामंजी. त्या पाटल्यांना द्या."